किडनीवाल्या बाई

आजाऱ्याला बघायला जाताना शहाळं न्यायचं, ही आपल्याकडची रीत. ती कुणी घातली मला माहीत नाही, पण आमच्या डायलिसिसच्या खोलीत ज्यानं ज्यानं ती पाळली, त्यानं त्यानं बाईंच्या शिव्या खाल्ल्या. भेटायची वेळ झाली की बाई दारातच उभ्या. येणाऱ्याच्या पिशवीत बिनदिक्कत हात घालायच्या आणि शहाळं लागलं की ते सरळ खिडकीतून मागच्या गटारीत. केळी असतील तर केळी. "मारायचंय का त्याला? मग गळा दाब ना सरळ, एवढी पायपीट कशाला केलीस?"

एकदा एक म्हातारा जावयाला बघायला जीपला लोंबकळत आला होता. शहाळं गेलं तसा तो रडकुंडीला आला. मी त्याला बाकावर बसवून सांगितलं की बाबा, किडनी गेलेल्या माणसाच्या रक्तात शहाळ्यातला क्षार साठून राहतो, आणि त्यानं चालतं हृदय बंद पडू शकतं. म्हाताऱ्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "आसं हाय व्हय," तो म्हणाला. "मंग हे शांतपनी सांगता येत न्हाई का त्या बाईला?"

येत नव्हतं. बाईंना सगळं येत होतं, तेवढं एक येत नव्हतं.

मी त्या खोलीतला तंत्रज्ञ. सुया टोचायच्या, मशीन लावायचं, चार तास पेशंटकडे लक्ष ठेवायचं आणि शेवटी सगळं धुऊन पुन्हा दुसऱ्यासाठी तयार करायचं, हे माझं काम. बाई किडनीच्या डॉक्टर. उभा जन्म मोठ्या शहरातल्या कॉलेजात शिकवण्यात गेला. निवृत्त होऊन नगरला भावाकडे राहायला आल्या आणि महिन्याभरात कंटाळून आमच्या पाथर्डीच्या दवाखान्यात रुजू झाल्या. रोज एसटीनं यायच्या. सुती साडी, पायात पुरुषी बूट, खांद्याला शबनम. त्यांचं घराणं मास्तरकीचं. घरात सगळे हळू बोलणारे, असं त्यांच्या भावानं मला एकदा अगदी हळू आवाजात सांगितलं होतं. ही एकटी कुणावर गेली देव जाणे. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. किडनीवाल्या बाई म्हटलं की रिक्षावालाही दवाखान्यात आणून सोडायचा.

तपासायला बाईमाणूस आलं की त्या नाव विचारायच्या नाहीत, गाव विचारायच्या नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला. "लघवीला कुठं जातेस?"

हा प्रश्न बाहेरच्या बाकावर बसलेल्या तिच्या सासऱ्याला ऐकू जायचा. ती बिचारी तोंडाला पदर लावून खाली मान घालायची. मला सुरुवातीला फार राग यायचा. माणसाची काही लाज? एक दिवस मी म्हणालोच, "बाई, जरा आवाज खाली घेऊन विचारलं तर?" त्या माझ्यावर उसळल्या. "लाज तिला नाही वाटायला पाहिजे, वाटायची ती वेगळ्याच लोकांना! ऐकू दे सासऱ्याला!"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमचा अर्धा तालुका दिवाळीच्या मागंपुढं घराला कुलूप लावून ऊस तोडायला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या फडात बाईला आडोसा नसतो. ती पहाटे अंधारात जाऊन येते ती पुन्हा अंधार पडल्यावरच. म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. ऊन डोक्यावर, मोळी डोक्यावर, आणि घशाला कोरड. अंग दुखलं की मुकादमाकडच्या डब्यातली दुखण्याची गोळी. सगळं मिळून किडनीच्या मुळावर येतं.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, उसाच्याच मुलखात, धडधाकट तरण्या तोडकऱ्यांच्या किडन्या जायला लागल्या होत्या. ना शुगर, ना बीपी. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं मागं लागून शोध घेतला, तेव्हा बोट गेलं ते ऊन, कष्ट आणि पाण्याच्या टंचाईकडे. मग तोडकऱ्यांना पाणी, सावली आणि विसावा दिला, तर नुकसान कमी झालेलं दिसलं. बाई मोबाईलवर हे वाचायच्या आणि संतापानं लाल व्हायच्या. "हे कळायला शास्त्रज्ञ लागले! अरे, बैल दमला तर गाडी थांबवतात, त्याला पाणी दाखवतात. बाईला कोण दाखवतं? आणि आपल्याकडे तर कुणी नीट मोजलंसुद्धा नाही. मोजलंच नाही म्हणजे झालंच नाही!"

एका वर्षी त्यांनी नगरमधल्या ओळखीच्या घरांतून जुन्या साड्या गोळा केल्या. तोडीला निघालेल्या बायकांना वाटल्या. चार बांबू रोवा, साडी गुंडाळा, आत जा, बाहेर या, पाणी प्या. संक्रांत झाल्यावर काष्टीकडच्या एका फडावर मला घेऊन बघायला गेल्या. साड्या होत्या. एकीची झाडाला झोळी झाली होती आणि तीत तान्हं पोर झोपलं होतं. एक कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, पाचटाच्या वर अंथरली होती. उरलेल्या बायकांनी नेसल्या होत्या. बाईंनी कपाळाला हात मारून घेतला आणि बोलायला तोंड उघडलं, तर एक तोडकरीण कोयता पुसत म्हणाली, "बाई, एवडी चांगली साडी मुतायला कशी वापरावी? तुमीच सांगा."

बाई गाडीत जाऊन बसल्या. त्या रागावल्या असाव्यात असं मला वाटलं. पण नगरच्या वेशीजवळ आल्यावर एकदम म्हणाल्या, "काठापदराच्या नको होत्या द्यायला."

लघवीचा नमुना हातात आला की बाटली कानाजवळ नेऊन हलवायची, ही त्यांची आणखी एक सवय. मग उजेडात धरून फेस बघायच्या. पेशंटलाही बघायला लावायच्या. "हा फेस जिरत नाही, दिसतंय? अंगातलं सत्त्व चाललंय यातून." लॅबचा रिपोर्ट नंतर यायचाच, पण बाईंना आधी भांडण सुरू करायची घाई असायची. किडनी बोंबलत नाही, हे त्यांचं पालुपद. "दात दुखतो, पोट दुखतं, मेलं नखसुद्धा दुखतं. किडनी मात्र मरेपर्यंत बोंबलत नाही. आणि आपल्याकडे जो बोंबलत नाही त्याला कोण विचारतं?"

ज्या मशीनवर माझं पोट, त्या मशीनचा बाईंना मनापासून तिटकारा होता. आमच्या दवाखान्याला दोन नवी मशीनं मिळाली तेव्हा पुढारी आले, फीत आली, पेढे आले. बाईंना बोलायला उभं केलं. ज्यानं उभं केलं त्याला नंतर पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. बाई म्हणाल्या, "गावात सरण रचायला नवे ओटे बांधले, तर तुम्ही पेढे वाटता का? ही मशीनं वाढली याचा अर्थ आपण वेळेवर कुणाला वाचवलं नाही. एका साध्या तपासणीत जे पाच वर्षं आधी कळतं, ते कळायची सोय कुठल्या खेड्यात आहे, ते सांगा आणि मग खा पेढा." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पुढाऱ्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला. मला मनातून बरं वाटलं आणि राग पण आला, कारण मशीनवर जे आत्ता पडलेत त्यांनी काय करायचं? ते काय नापासांची यादी आहेत? हे मी बाईंना बोललो. त्या म्हणाल्या, "नापास ते नाहीत रे. मी आहे."

त्यांना खुशीत मी एकदाच पाहिलं. सकाळी आल्या त्या शबनम खांद्यावरून न काढताच सांगायला लागल्या. शुगरसाठी काढलेल्या एका जातीच्या गोळ्या किडनीला सांभाळतात, हे आधी कळलं होतं. आता शुगर नसलेल्या माणसांतही तसंच दिसून आलं होतं. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं हळू झिजतं. मशीनची वेळ वर्षानुवर्षं पुढं ढकलता येते. "आमच्या वेळी काय होतं? बीपीची गोळी द्या, मीठ तोडा आणि वाट बघा. आता हातात काहीतरी आहे!" त्या दिवशी कुणाचीही पिशवी तपासली गेली नाही. मला चहा पाजला. चहा बेचव होता, कारण बाईंच्या हातचं सगळंच बेचव असायचं, पण मी दोन कप प्यालो.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी वहिनी त्यांच्यापुढं बसली. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, सुमन. वय पस्तिशीच्या आत. पायाला सूज येते म्हणून मीच तिला घेऊन आलो होतो. दसरा झालेला. आठवड्यात गाड्या निघणार होत्या.

"लघवीला कुठं जातेस?"

वहिनी लाजली नाही. उलट बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "कुठं जानार? तुमी दाखवा जागा, तिथं जाते."

बाई पहिल्यांदा हसल्या. मग बाटली हलवली आणि हसू गेलं. रिपोर्ट आले. दोन्ही किडन्या निम्म्यावर आल्या होत्या. बीपी वाढलेलं होतं, शुगर अजिबात नव्हती. बाईंनी माझ्या भावाला आत बोलावलं. हिला नेऊ नको म्हणाल्या. तो हात जोडून उभा राहिला. "बाई, येकट्याचा कोयता कुनी घेत न्हाई. मुकादमाला शबुद दिलाय." बाईंनी मुकादमाचा उद्धार केला, कारखान्याचा केला, सरकारचा केला, माझाही केला. अर्धा तास. भाऊ मान खाली घालून ऐकत होता, आणि तोडकऱ्यांची गाडी ठरल्या दिवशी निघणार हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

शेवटी बाईंनी औषधं लिहून दिली. बीपीची एक आणि ती नवी एक. दुखण्याची गोळी म्हणजे जहर, हात लावायचा नाही. पाणी प्यायचं. ही गोळी घेतल्यावर लघवी जास्त होईल, घाबरायचं नाही. उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात ठरेना, तर तेवढे दिवस ही बंद, आणि मला फोन. संपली की याच नावाची दुसरी घ्यायची. "ही गोळी सोडायची नाही. काही झालं तरी. समजलं?"

"कशाची हाय ही?" वहिनीनं विचारलं.

"किडनीची," बाई म्हणाल्या.

फड देवळाली प्रवरेच्या बाजूला होता. सुरुवातीला वहिनीचा फोन यायचा. गोळी घेते, पाणी पिते, पर लघवीला लई जावं लागतंय भावजी, बाया हसत्यात. मी म्हणायचो, हसू दे. मग फोन कमी झाले. तोडीच्या दिवसांत कुणाला सवड असते, म्हणून मीही फार मनावर घेतलं नाही.

उन्हाळ्यात गाड्या परत आल्या. वहिनीला भावानं पाठीवर घेऊन आणलं. तोंड सुजलेलं, धाप लागलेली, तोंडाला लघवीसारखा वास. बाईंनी एकदाच तिच्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "मशीन लाव." घरच्या माणसाला सुई टोचायची वेळ माझ्यावर त्याआधी आली नव्हती.

काय झालं ते भावानं दारात उभ्या उभ्या सांगितलं. नव्या गोळ्या संपल्या तशी तो रिकामी पट्टी घेऊन फडाजवळच्या एका औषधाच्या दुकानात गेला. दुकानदारानं पट्टी बघितली. ही शुगरची गोळी. पेशंटला शुगर आहे का? नाही. मग कुणी दिली? पाथर्डीच्या डॉक्टरबाईनं. "येड्या, शुगर नसताना शुगरची गोळी दिली तर साखर उतरून मरंल बायको. बंद कर आजच." मग भावाला वाटलं, या बाईनं एक गोळी चुकीची दिली, तर दुसरी तरी बरोबर कशावरून? बीपीची पण बंद. वहिनीला तर सुटल्यासारखं झालं, लघवीला सारखं जायचं वाचलं. पाणीही कमी केलं. पाठ दुखायला लागल्यावर त्याच दुकानदारानं चांगली कडक गोळी दिली, ती तीन-चार महिने चालली.

बाई दुसऱ्या दिवशी एसटीनं त्या दुकानावर गेल्या. मला बरोबर नेलं. त्या काय काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. आजूबाजूची गिऱ्हाइकं गोळा झाली. दुकानदार मध्यम वयाचा, कपाळाला गंध लावलेला, भला माणूस वाटत होता. त्याचं तोंड उतरलं. बाई दमल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मला शिकवलं तेव्हा ही शुगरचीच होती. औषध देणारा माणूस येतो, तोही शुगरचीच म्हणून देतो. आता ती आणखी कशाला चालते, हे मला कोण सांगणार? तुम्ही पेशंटला तरी सांगितलं होतं का?"

बाईंनी शबनम खांद्यावर सारखी केली. मग स्टँडकडे चालायला लागल्या.

येताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी विचारलं, "बाई, वहिनीला शुगरची गोळी आहे हे का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "शुगर शब्द ऐकला की लोक घाबरतात. सोडून देतील म्हणून नाही सांगितलं." आणि थोड्या वेळानं, "समजलं नसतं तिला, असं वाटलं."

मला अजूनही या वाक्याचा राग येतो. दुकानदाराचा येतो, मुकादमाचा येतो, माझ्या भावाचा येतो, पण सगळ्यात जास्त या वाक्याचा येतो. सात समुद्रापलीकडून एक शोध निघतो, कुठल्या कुठल्या देशांतून, कोर्टकचेऱ्या, कंपन्या, परवानग्या ओलांडून पाथर्डीच्या एसटी स्टँडपर्यंत सुखरूप पोचतो, आणि टेबलाच्या या बाजूच्या खुर्चीतून त्या बाजूच्या खुर्चीपर्यंत जाताना मरतो! जिला समजणार नाही असं बाईंना वाटलं, ती वहिनी उसाच्या फडात चार जणींच्या बाळंतपणाला उभी राहिलेली बाई. तिला काय समजलं नसतं? आणि हे कुणी करावं? ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्या जगाला ओरडून सांगितलं, तिनं?

बाई आता आमच्याकडे नाहीत. गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना, परगावच्या मुलीनं नेलं. मधूनमधून त्यांचा फोन येतो आणि त्या अजून कुणाला तरी शिव्या देत असतात. लोक त्यांची आठवण काढतात, साड्यांच्या गोष्टी सांगून हसतात. मीही हसतो. पण मला त्या आठवतात त्या वहिनीच्या पलंगाशेजारच्या.

दोन महिने झाले होते. वहिनीच्या किडन्या परत उभारी धरतील अशी बाईंना आशा होती, ती सुटली होती. वहिनी मशीनवर होती. बाई फेरीवर आल्या आणि नेहमीप्रमाणं तिला झापायला लागल्या, दोन डायलिसिसच्या मध्ये वजन वाढलं म्हणून, पाणी जास्त प्यालीस म्हणून. वहिनीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तवा म्हनला पानी पी. आता म्हनता पिऊ नगं. दोन्ही येळंला शिव्या मीच खायच्या. ती गोळी शुगर नसली तरी चालती, येवडंच एक वाक्य सांगायचं हुतं तुमी. शिव्या देताना इतकी वाक्यं बोलता, त्यातलं येक."

खोलीतल्या सगळ्या पलंगांवरचे पेशंट आमच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बाई भडकणार. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि वहिनीच्या उशाशी बसल्या. आणि सांगायला लागल्या. किडनीत जाळी कशी असते, तिच्यावर ताण आला की ती कशी फाटते, गोळी तो ताण कसा उतरवते, लघवी का वाढते, साखर का उतरत नाही, दुखण्याच्या गोळीनं काय होतं. हळू आवाजात, थांबून थांबून. मध्ये वहिनी विचारायची, बाई पुन्हा सांगायच्या. त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरचे लोक असेच बोलत असतील.

सगळं ऐकून झाल्यावर वहिनी म्हणाली, "समजलं. सोपं हाय की. आता हेच माज्या थोरलीला सांगा, आसंच. औंदा माज्या जागी ती चाललीय बापासंगं."

"कोण?"

"पोरगी. दहावीला हाय."

बाई उभ्या राहिल्या. "ती जाणार नाही," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या नवऱ्याशी बोलते. मी कलेक्टरकडे जाते. पोरगी कोयत्यावर जाणार नाही म्हणजे नाही."

"न्हाई तर न्हाई," वहिनी म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नाही. नळ्या लावलेला हात तिनं मशीनकडे केला. "मंग मी जाते. हे फडात कसं न्यायचं, तेवडं बघा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, आणि वहिनीच्या हातावरची चिकटपट्टी निघालेली नसताना ती पुन्हा दाबून लावली.